उसाचे इंधन आणि सरकारचा शब्द

खनिज तेलासाठी परदेशावर विसंबून राहिलेल्या एखाद्या देशाने आपल्या रस्त्यांवरील मोटारींचे इंधनच पालटण्याचे मनावर घ्यावे, आणि दहा-बारा वर्षांच्या अवधीत ते बहुतांशी साधूनही दाखवावे, असे उदाहरण विसाव्या शतकाच्या इतिहासात विरळा. आणि ते ज्या देशाने घडविले त्या ब्राझीलचा वृत्तांत ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्राने तर विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. ह्या वृत्तांतात शेतीचा भाग आहे, यंत्रविद्येचा आहे, परकीय चलनाच्या चिंतेचाही आहे. परंतु ह्या सर्वांच्या मुळाशी जी गोष्ट आहे, आणि जिच्यामुळे ही योजना एकदा भरभराटीस चढली व एकदा रसातळास गेली, ती गोष्ट म्हणजे सरकारने मोटार घेणाऱ्या सामान्य माणसाला दिलेला शब्द होय.

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमलात, सोळाव्या शतकापासूनच, ऊस रुजला होता. १९२९ च्या जागतिक मंदीने साखरेचे भाव कोसळले तेव्हा बागायतदारांना सावरण्यासाठी जेतुलिओ वार्गास यांच्या सरकारने १९३१ साली असा हुकूम काढला की, परदेशातून येणाऱ्या पेट्रोलमध्ये ५ टक्के देशी मद्यार्क मिसळलाच पाहिजे; आणि दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, साखर व मद्यार्क ह्यांच्या उत्पादनाचे व दरांचे नियमन करणारी एक सरकारी संस्था स्थापन केली. ह्या हुकमाचा हेतू मोटारी सुधारण्याचा नव्हता, शिल्लक साखरेला वाट काढून देण्याचा होता; तथापि मद्यार्क हे मोटारीचे इंधन होऊ शकते आणि सरकारच्या हुकमाने ते टाकीत पडू शकते, ही दोन सत्ये त्या देशाच्या कारभाराच्या स्मृतीत तेव्हापासून नोंदली गेली.

त्या स्मृतीला उजाळा मिळाला तो १९७३ च्या तेलसंकटाने. ब्राझील तेव्हा आपल्या गरजेच्या सुमारे ८० टक्के तेल बाहेरून आणीत असे, आणि अवघ्या काही महिन्यांत त्या तेलाचा भाव चौपट झाल्याने देशाच्या तिजोरीला मोठेच भगदाड पडले. त्याच सुमारास, म्हणजे १९७४ च्या अखेरीस, साखरेचा जागतिक भाव शिखरास पोहोचून झपाट्याने खाली आला, आणि महाग तेल व स्वस्त साखर अशा दोन आपत्ती एकदमच दाराशी येऊन उभ्या राहिल्या. साव जोझे दुस कांपुस येथील वैमानिकी संशोधनकेंद्रात उर्बानो एर्नेस्तो स्तुम्फ नावाचे अभियंते त्या काळी केवळ मद्यार्कावर चालणाऱ्या इंजिनाचे प्रयोग करीत होते. राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांनी १९७५ साली ते काम समक्ष पाहिले, आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी त्यांच्या स्वाक्षरीने ‘राष्ट्रीय मद्यार्क योजना’ अमलात आली. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘प्रोआल्कोल’ असे बसले.

योजनेचा पहिला टप्पा सावधपणाचा होता. पेट्रोलमध्ये पाणी पूर्णपणे काढलेला मद्यार्क २० टक्क्यांपर्यंत मिसळावयाचा, म्हणजे चालू मोटारींच्या इंजिनांत फारसा फरक करावा लागत नाही. साखर कारखान्यांना लागूनच आसवन्या उभारावयाच्या, म्हणजे ऊस, वाफ आणि मजूर आयतेच हाताशी असतात. आणि त्या उभारण्यासाठी चलनवाढीच्या मानाने व्याज नाममात्रच ठरेल अशी दीर्घ मुदतीची कर्जे सरकारने द्यावयाची, अशी ती तजवीज होती. तयार झालेला माल पडून राहणार नाही, ही हमी खरेदीच्या रूपाने सरकारने आपल्या शिरावर घेतली. परिणाम असा झाला की, १९७५-७६ च्या हंगामात जे उत्पादन सुमारे ६० कोटी लिटर होते ते १९८६-८७ मध्ये १,२०० कोटी लिटरांच्या वर गेले.

परंतु योजनेला खरे धाडसी रूप आले ते १९७९ मध्ये, इराणातील क्रांतीने तेलाचे भाव पुन्हा भडकले तेव्हा. सरकारने मोटार कारखानदारांशी करार करून केवळ मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारी बाजारात आणविल्या, आणि त्यांपैकी मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली मोटार, फियाट १४७, त्याच वर्षी रस्त्यावर आली. ग्राहकाला ओढून घेण्यासाठी अशा मोटारींवरील कर कमी केला, कर्जाची मुदत वाढविली, टॅक्सीवाल्यांना विशेष सवलत दिली. आणि ह्या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे मद्यार्काचा दर पेट्रोलच्या दराच्या ६५ टक्क्यांवर जाऊ दिला जाणार नाही असे अभिवचन दिले. ह्या आकड्यामागे पक्का हिशेब होता. एक लिटर मद्यार्कात एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते, त्यामुळे त्याच अंतराला मद्यार्क अधिक लागतो. सबब तो पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून स्वस्त असेल तरच मोटारमालकाच्या खिशाला परवडतो.

त्या पहिल्या मोटारी चालविणे हे सोपे काम नव्हते. थंडीच्या दिवसांत मद्यार्काची वाफ सहजी होत नाही, म्हणून इंजिनाच्या झाकणाखाली पेट्रोलची एक लहानशी निराळी टाकी बसविलेली असे. सकाळी मालकाने प्रथम त्या टाकीतले थोडे पेट्रोल इंजिनात सोडावयाचे, मग किल्ली फिरवावयाची, आणि इंजिन धापा टाकीत का होईना तापेपर्यंत धीर धरावयाचा. ती लहान टाकी भरावयाची राहून गेली तर गाडी जागची हलत नसे. मद्यार्कातील पाण्याच्या अंशाने कार्बोरेटर गंजत, टाकीचा पत्रा खाल्ला जाई, म्हणून कारखान्यांना त्या भागांवर निकेलचा मुलामा देण्याची पद्धत पुढे स्वीकारावी लागली. धुराला उसाच्या दारूसारखा वास येई, त्यामुळे फियाट १४७ ला लोकांनी त्या दारूवरूनच ‘काशासिन्या’ असे लाडके नाव दिले होते. आरंभीच्या ह्या अडचणींमुळे १९८१ साली विक्री एकदम घसरली. तथापि सरकारने सवलती वाढविल्या, कारखान्यांनी यंत्रे सुधारली, आणि त्या दशकाच्या मध्यास ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या शंभर नव्या मोटारींपैकी नव्वदांहून अधिक मोटारी मद्यार्कावर चालणाऱ्या होत्या.

ह्या यशाची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे, कारण ती मोजणारांची नावे योजनेच्या अहवालांत क्वचितच येतात. एक लिटर मद्यार्कामागे आसवनीतून दहा-बारा लिटर काळे, आम्लयुक्त सांडपाणी निघे, आणि आरंभीच्या वर्षांत ते नद्यांत सोडले गेल्याने पाण्यातील जीवसृष्टीचा नाश होई. पुढे त्यातील पालाशाचा उपयोग ओळखून ते उसाच्याच शेतात खत म्हणून सोडण्याची रीत पडली. ऊस तोडणारे मजूर पहाटे बरोबर आणलेले अन्न दुपारी थंडच खात, म्हणून त्यांना ‘थंड जेवणवाले’ म्हटले जाई. १९८४ च्या मे महिन्यात साव पावलु प्रांतातील ग्वारिबा येथे कामाचे ओझे वाढविण्याच्या विरोधात त्यांनी जो संप केला, त्याने साऱ्या देशाचे लक्ष त्यांच्या दैन्याकडे वेधले. बीडहून हातात कोयता घेऊन, पोराबाळांसह कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या आपल्याकडील तोडणी कामगारांना ओळखणाऱ्या मराठी वाचकाला ह्या हकिगतीचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

योजना कोसळली ती मात्र ह्या कारणांनी नव्हे. १९८६ मध्ये जागतिक बाजारात तेलाचा भाव निम्म्याहून खाली आला. त्याच काळात देशाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात सापडलेले तेल हाती येऊ लागले, आणि स्वस्त पेट्रोलच्या दिवसांत मद्यार्कावर तिजोरी रिती करणे कर्जबाजारी सरकारला जड वाटू लागले. सरकारने उत्पादकांना द्यावयाचा दर आवळून धरला. इकडे साखरेचे भाव चढत होते, तेव्हा कारखानदारांनी आपला ऊस साखरेकडे वळविला, ह्यात त्यांचा दोष तरी काय काढावा? पण ज्यांनी सरकारच्या अभिवचनावर भिस्त ठेवून लाखोंच्या संख्येने मोटारी घेतल्या होत्या, त्यांच्या गाड्यांना दुसरे कोणतेच इंधन चालत नव्हते. १९८९ मध्ये मद्यार्काचा तुटवडा पडला, पंपांसमोर रांगा लागल्या. आणि ज्या योजनेचा जन्म परदेशी इंधनापासून मुक्ती मिळविण्यासाठी झाला होता, ती टिकविण्यासाठी परदेशातून मेथॅनॉल आणून मद्यार्कात मिसळण्याची पाळी आली. ग्राहकांनी पाठ फिरविली. एक-दोन वर्षांतच नव्या मोटारींतील मद्यार्काच्या गाड्यांचा वाटा शेकडा दहा-पंधरावर आला आणि १९९० चे दशक संपता संपता जवळजवळ शून्यावर पोहोचला. १९३३ पासून चालत आलेली साखर व मद्यार्काची सरकारी संस्थाही १९९० मध्ये बरखास्त झाली.

मद्यार्क पुन्हा वर आला तो २००३ मध्ये, आणि त्याच्या पुनरागमनाचा मार्ग अत्यंत बोधप्रद आहे. त्या वर्षी मार्चमध्ये फोक्सवॅगनने गोल नावाची जी मोटार बाजारात आणली, तिच्या टाकीत पेट्रोल घाला, मद्यार्क घाला, की दोहोंचे कोणतेही मिश्रण घाला, इंजिनातील विजेरी यंत्रणा धुरातील प्राणवायूचे प्रमाण पाहून इंधन कोणते आहे ते ओळखी आणि त्यानुसार पुरवठा बदलून घेई. मद्यार्काच्या गाड्यांना मिळणारी कराची सवलत सरकारने ह्या गाड्यांनाही लागू केली, आणि काही वर्षांतच त्या देशातील बहुतेक नव्या मोटारी ह्याच प्रकारच्या झाल्या. आता मोटारमालक पंपावर उभा राहून दोन्ही दर पाहतो, ७० टक्क्यांचा हिशेब मनातल्या मनात करतो आणि त्या दिवसापुरता निर्णय घेतो. पुढील दहा वर्षांसाठी सरकारच्या शब्दावर विसंबून राहण्याचे त्याचे बंधन सुटले आहे. १९८९ मध्ये लोकांचा जो विश्वास गेला तो कोणत्याही घोषणेने परत आला नसता. तो नसतानाही चालेल अशी मोटार निघाली, तेव्हाच मद्यार्काला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले.

आपल्याकडेही ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ १९४८ सालीच झाला होता. पण मद्यार्कमिश्रित पेट्रोलचे अलीकडील प्रयोग २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे सुरू झाले. २००३ च्या जानेवारीत नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा आरंभ झाला, आणि बरीच वर्षे रेंगाळल्यावर जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. व्याजात सवलत मिळणारी कर्जे घेऊन आपल्या कारखान्यांनी आसवन्या वाढविल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल ह्या भीतीने, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून व पाकापासून इथेनॉल, म्हणजे मद्यार्कच, करण्यास भर हंगामात मनाई केली. आठवडाभरात तो हुकूम सैल झाला आणि पुढच्या वर्षी बंदी उठली, हे खरे. साखर महाग होऊ न देण्याचे सरकारचे कर्तव्यही नाकारता येत नाही. परंतु ऊस, साखर आणि इंधन ही तिन्ही एकाच शेतातून निघत असल्यामुळे दुष्काळाचे वर्ष केव्हातरी येणारच, हे योजना आखतानाच ठाऊक असते. आणि त्या वर्षी कोणी किती सोसावयाचे हे आधी न ठरविल्यास त्याचा भार नेमका त्यांच्यावर पडतो, ज्यांनी सरकारच्या भरवशावर पैसा गुंतविला.

आज विजेच्या मोटारींसाठी कराची माफी, अनुदाने आणि निरनिराळी वचने दिली जात आहेत, आणि ती द्यावीत ह्याविषयी मला मुळीच शंका नाही. कारण ब्राझीलचा इतिहास स्पष्टपणे सांगतो की, सरकारने पुढाकार घेतल्यावाचून इंधनासारखी सर्वव्यापी गोष्ट केवळ बाजाराच्या ओढीने इतक्या त्वरेने बदलत नाही. पण तोच इतिहास असेही सांगतो की, मोटार घेणारा मनुष्य दहा-पंधरा वर्षांचा सौदा करीत असतो आणि सरकारचा अर्थसंकल्प एका वर्षाचा असतो. सबब, तेल महाग असताना दिलेले वचन तेल स्वस्त झाल्यावर पाळण्याची सोय, त्यासाठी लागणारा निधी आणि तो कोठून उभा करावयाचा ह्याचा कायदा, ही पहिल्या सवलतीच्याच दिवशी मंजूर झाली पाहिजेत. जे सरकार एवढी तरतूद करू शकत नसेल त्याने वचन लहान द्यावे, परंतु त्या वचनावर घेतलेली शेवटची गाडी रस्त्यावर आहे तोपर्यंत ते पाळावे.