सेप्टिक टँक म्हणायचं, खाली नुसता खड्डा

आपल्याकडे घर दाखवताना 'सेप्टिक टँक आहे' असं सांगतात. झाकण उघडा, कित्येक ठिकाणी नुसता खड्डा. तळ नाही, मधली भिंत नाही. मैला थेट जमिनीत आणि चार पावलांवर बोअर.

खरी टाकी काही आजची नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटरचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास ती बांधली, नावही त्यांचंच. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्याच्या गॅसवर दिवेसुद्धा लागले! तरी आपले टोपलीचे संडास पुढे कित्येक दशकं चालले. का? उचलणारी जात ठरलेली होती, तीही स्वस्तात. कणकवलीला अप्पा पटवर्धनांनी स्वतः मैला उचलला, गोपुरीत खताचे संडास करून दाखवले. कायद्याने बंदी यायला मात्र १९९३ उजाडलं.

टोपली गेली, खड्डा आला. तो तुंबला की अजून माणूस उतरवतात. एक गुदमरला, त्याला काढायला गेलेला दुसराही गेला, ही बातमी आम्ही किती वेळा लावायची? २०१३ च्या कायद्याने हे बंद आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली.

तेव्हा जुना खड्डा गाडीनेच उपसा, मुरूम टाकून बुजवा. नवी टाकी पक्क्या तळाची, दोन कप्प्यांची. गॅसचा पाईप छपराच्या वर, पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात. दोन-तीन वर्षांनी उपसा. आणि ती गाडी मैला नेऊन ओतते कुठे, हे नगरसेवकाला विचाराच.