क्लब वाचला, पण देणी?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ हे आरमाराचं जुनं बंदर आहे. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८१२ साली याच गावात जन्मला. वडील आरमाराच्या पगार कचेरीत कारकून होते. पुढे कुटुंब लंडनला गेलं आणि १८२४ साली एका पाववाल्याचे चाळीस पौंड फेडता आले नाहीत म्हणून या कारकुनाची रवानगी कर्जदारांच्या तुरुंगात झाली. त्याच दिवसांत बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता.

बी. ए.ला असताना हे वाचलं तेव्हा सगळ्या वर्गाला त्या मुलाची कीव आली. मलाही आली, पण माझ्या मनात पाववालाही रेंगाळला. आमच्या वडिलांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं आणि उधारीची वही मी लहानपणापासून पाहिली होती. देणेकऱ्याची गोष्ट होते, घेणेकऱ्याची होत नाही, एवढं तेव्हा जाणवलं.

याच पोर्ट्समथच्या फुटबॉल क्लबनं पुढे एक मोठा प्रश्न उभा केला. कर्जात बुडून वर आलेला क्लब आधीपेक्षा सुधारतो का?

क्लब १८९८ सालचा. गोदी कामगारांच्या आणि खलाशांच्या गावाचा. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षं तो इंग्लंडचा लीग विजेता होता. मग बरीच वर्षं पडती गेली. २००३ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि १७ मे २००८ रोजी वेम्बलीच्या मैदानावर कार्डिफला एक-शून्य हरवून त्यानं एफ. ए. कप जिंकला. गोल नायजेरियाच्या कानूचा. गाव रस्त्यावर उतरलं.

पण वैभव उसनं होतं. मैदान जेमतेम वीस हजारांचं आणि खेळाडूंचे पगार मोठ्या क्लबांच्या तोडीचे. मधली तफावत मालकाच्या पैशानं भरली जात होती. मालकानं हात आखडता घेतला तेव्हा खालची जमीन सरकली. २००९-१० च्या एकाच हंगामात क्लबनं चार मालक पाहिले. २६ फेब्रुवारी २०१० ला कारभार प्रशासकाच्या हाती गेला. प्रीमियर लीगमधल्या क्लबवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. नऊ गुण कापले गेले, संघ खालच्या श्रेणीत घसरला, ८५ कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं.

देणी दहा कोटी पौंडांच्या वर होती. घेणेकऱ्यांच्या यादीत सरकारचं करखातं होतं, बडे सावकार होते आणि सामन्यांना प्रथमोपचारासाठी स्वयंसेवक पाठवणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्थाही होती. तिचं येणं होतं २,७०२ पौंड. एखाद्या बड्या खेळाडूच्या दिवसाच्या पगारापेक्षाही कमी!

इथे इंग्लिश फुटबॉलचा एक नियम समजून घेतला पाहिजे. क्लबला स्पर्धेत राहायचं असेल तर खेळाडूंचं आणि इतर क्लबांचं देणं पुरतं चुकतं करावं लागतं. बाकीच्यांशी मात्र तडजोड चालते. त्या बाकीच्यांना पौंडामागे वीस पेन्स, म्हणजे रुपयाला वीस पैसे, तेही हप्त्यानं, असा तोडगा निघाला. करखातं कोर्टात गेलं आणि ऑगस्ट २०१० मध्ये हरलं. ते हप्ते पुरे होण्याआधीच, फेब्रुवारी २०१२ मध्ये, क्लब पुन्हा प्रशासकाच्या दारात आला. २०१३ पर्यंत तो चौथ्या श्रेणीत पोहोचला.

तेव्हा गावच पुढे आलं. दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी पदरचे पैसे घातले. एकेक भाग हजार पौंडांचा. एप्रिल २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टनं क्लब आणि मैदान दोन्ही ताब्यात घेतलं. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लब कर्जमुक्त झाल्याचं जाहीर झालं. २०१७ मध्ये संघानं चौथ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी चाहत्यांनी मतदान करून डिस्ने कंपनीचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांच्याकडे क्लब सोपवला, कारण पुढे जायला लागणारं भांडवल त्यांच्यापाशी नव्हतं. २०२४ मध्ये पोर्ट्समथ दुसऱ्या श्रेणीत परतला.

मग क्लब सुधारला का? हिशेबाची वही सांगते, सुधारला. उसन्या वैभवापेक्षा स्वकष्टाची चौथी श्रेणी बरी, असं मीही म्हणेन. पण संकटानं तो सुधारला, हे मला मान्य नाही. नुसतं संकट आलं तेव्हा तो दोन वर्षांत पुन्हा बुडाला. चाहत्यांनी हजार-हजार पौंड मोजले तेव्हा तो उभा राहिला. त्याआधी त्याचं ओझं हलकं झालं होतं ते घेणेकऱ्यांनी आपलं येणं सोडलं म्हणून. ते ज्यांनी सोडलं, त्यांना कुणी विजयाच्या मिरवणुकीत बोलावत नाही.

आमच्यात दफनाआधी घरातला जाणता माणूस जमलेल्यांना सांगतो, 'मरहूमकडे कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला सांगावं, आम्ही फेडू.' वडील गेले तेव्हा हे वाक्य मी बोललो. कुणी पुढे आलं नाही, कारण वडिलांवर देणं नव्हतंच. त्यांचंच येणं बाकी होतं, कितीतरी नावांवर. ती वही अजून घरात आहे. त्यातली काही माणसं नंतर चांगली सुस्थितीत आली. त्यांचं भलं झालं याचा मला आनंदच आहे. फक्त त्या भल्यात आमच्या दुकानातली थोडी साखर आणि थोडं तेल आहे, एवढं त्यांनी विसरू नये.