आपल्याच अंगाचं कलम

1792 च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून टाकण्यात आला. जवळजवळ वर्षभर त्याने तसंच काढलं. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातले थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ती शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने त्याची सविस्तर हकिगत छापली. गाडीवानाचं नाव त्यामुळे जगाला कळलं. ज्याच्या हातात कसब होतं, त्याचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही.

आज बुलढाणा, खामगाव, शेगावकडचा माणूस केस रोवून घ्यायला किंवा खाली सरकलेल्या हिरडीवर कलम करून घ्यायला शहर गाठतो. ते दोन्ही उपचार नाकाच्या त्या शस्त्रक्रियेच्याच घराण्यातले आहेत. ते समजलं की डॉक्टरांना काय विचारायचं, तेही समजतं.

पुण्याच्या त्या कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा केला, तो कपाळावर सपाट पसरून रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांच्या मधली पट्टी तेवढी जोडलेली ठेवली, कातडी वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी खाचेत बसवली. सांध्यावर पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड ठेवलं. मधली पट्टी कापली ती सुमारे पंचविसाव्या दिवशी, कारण तोवर नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळत होतं. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत आहे आणि तिथे मापासाठी झाडाचं पान घ्यायला सांगितलं आहे. पुण्याची हकिगत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये तशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि ही विद्या युरोपभर गेली.

पुढची उडी होती कातडी पूर्ण सुटी करून दुसरीकडे लावण्याची. 1804 मध्ये इटलीच्या बारोनियोने मेंढ्यांवर, 1869 मध्ये पॅरिसच्या रेव्हर्दँने माणसावर ते करून दाखवलं. सुट्या तुकड्याला पहिले दोन-तीन दिवस स्वतःचं रक्त नसतं. खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तो तग धरतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. तेवढ्यात तो हलला तर मरतो. हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर ओठ ओढून आरशात पाहू नका, रोवलेल्या केसांना नख लावू नका, असं बजावतात ते याचसाठी.

केसांचं रोपण जपानच्या ओकुदा यांनी 1939 मध्ये नोंदवलं, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते बाहेर पोचलं नाही. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी या शास्त्राचा पाया घातला. डोक्याच्या मागच्या बाजूचा केस पुढे लावला, तरी तो मागच्यासारखाच टिकतो, हे त्यांनी दाखवलं. हिरड्यांच्या बाबतीत 1960 च्या दशकात तोंडातल्या टाळूचा तुकडा काढून लावण्याची पद्धत रूढ झाली आणि 1985 मध्ये लँगर दांपत्याने टाळूच्या आतल्या थराचं कलम वर्णन केलं. तिथेही नियम तोच निघाला: टाळूखालचा थर नव्या जागी गेला तरी वर टाळूसारखीच घट्ट त्वचा धरतो. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या संत्राबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला, तर फळ संत्र्याचंच येतं; पण खुंट किडलेला असेल तर डोळा जगत नाही.

म्हणून पहिला प्रश्न खुंटाचा. 2024 चा डिसेंबर आणि 2025 चा जानेवारी या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीने निघून आले, काहींचं तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. पावणेतीनशेच्या आसपास लोकांना हा त्रास झाला. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस आणि गहू तपासून घेतले. त्यांत सेलेनियम फार वाढलेलं आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पुढे बहुतेकांचे केस आपोआप परतले. अशा गळतीत केस रोवणं म्हणजे पैसा आणि रोपं दोन्ही वाया घालवणं. आजारपण, बाळंतपण, थायरॉइड, रक्तातलं लोह कमी होणं यांनीही केस गळतात. आधी कारण शोधा. रोपण त्यानंतर.

हिरडीचंही तसंच आहे. मिसरी, तंबाखू, खर्रा, दाबून घासलेला ब्रश, दातांवरचं कीटण यांनी हिरडी सरकते. ते थांबलं नाही तर कलमही सरकेल. तंबाखू आणि काबूत नसलेला मधुमेह जखम भरू देत नाहीत. दोन दातांमधलं हाड झिजलं असेल, तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरू नये.

दुसरा प्रश्न देणाऱ्या जागेचा. रोपणाने केसांची संख्या वाढत नाही, फक्त त्यांची जागा बदलते. मागचा साठा एकदा संपला की संपला. पंचविशीत सगळा खर्च केला, तर चाळिशीत हातात काही उरत नाही. रोवलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे उगवू लागतात आणि खरं रूप दिसायला नऊ महिने ते वर्ष लागतं. हिरडीच्या कलमासाठी तोंडातल्या टाळूचा तुकडा घेतला, तर ती जखमही भरायला दोन ते चार आठवडे लागतात.

तिसरा प्रश्न हाताचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये बजावलं की केशरोपण शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं. तंत्रज्ञाने फक्त हाताखाली मदत करावी. हिरडीसाठी पेरिओडोंटिक्समधली पदव्युत्तर पदवी असलेला दंतवैद्य पाहा. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांतही दाखवता येतं.

पुण्याच्या त्या अनामिक कारागिराजवळ पदवीचा कागद नव्हता, पण त्याची रीत पिढ्यांनी घासूनपुसून घेतलेली होती. आजच्या डॉक्टरला ती पारख पदवी आणि नोंदणीतून द्यावी लागते. जाहिरातीतली सूट पाहून आगाऊ रक्कम भरू नका. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा, सुरी कोण धरणार ते विचारा, आणि उत्तर टाळणाऱ्याच्या दारातून परत फिरा.