मालाडचे जर्मन दिग्दर्शक

बोलपटातील गाणे ही केवळ आपलीच हौस, हा समज जर्मन बोलपटांचा आरंभकाळ पाहता टिकत नाही. व्हिल्हेल्म थीले यांचा 'पेट्रोल पंपावरील तिघे' (१९३०) आणि एरिक शारेल यांचा 'व्हिएन्नाची परिषद नाचते' (१९३१) हे दोन्ही बोलपट हायमान यांच्या चालींवरच उभे होते. पुढे १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि हे तिघेही, ज्यू असल्याकारणाने, स्वदेशास मुकले.

पुढच्याच वर्षी मुंबईस मालाड येथे बाँबे टॉकीज स्थापन झाली. तिचे प्रमुख दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हेही जर्मनच. त्यांस हिंदी येत नसे. तरी 'अछूत कन्या' (१९३६) त्यांचीच. तिचे संगीत सरस्वतीदेवी या पारशी बाईंचे; देविकाराणी व अशोककुमार स्वतःच गात. जन्माच्या भेदापायी होरपळलेल्या प्रेमाची ही करुण कथा ज्यांनी चित्रित केली, तेच गृहस्थ त्याच वर्षी नाझी पक्षाचे सभासद झाले! हे कोडे आम्हांस तरी उलगडत नाही. १९३९ साली युद्ध पेटताच इंग्रज सरकारने त्यांस स्थानबद्ध केले. बाँबे टॉकीज मात्र चालू राहिली. १९४३ चा 'किस्मत' तिचाच.