महानुभाव परंपरेतील प्रश्न आणि प्रश्नकर्ते

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर ही स्थाने महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहेत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील श्रीचक्रधरांच्या परिभ्रमणात त्यांचा निर्देश येतो. या परिभ्रमणात त्यांच्याभोवती जमलेला समुदाय एकजिनसी नव्हता. त्यात शास्त्रसंपन्न ब्राह्मण होते, तशाच संस्कृताचा गंध नसलेल्या वृद्ध स्त्रियाही होत्या. अशा कोणत्याही जिज्ञासुमंडळास दोन प्रकारच्या व्यक्तींशी वागणे प्राप्त होते : एक, तेच ते पुनःपुन्हा विचारणारी, दुसरी, विद्येच्या ताठ्याने विचारणारी. या दोहोंविषयी महानुभावांनी स्वीकारलेले धोरण विचारात घेण्यासारखे आहे.

पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण महदाइसेचे होय. ‘धवळे’ रचणारी आद्य मराठी कवयित्री म्हणून ती प्रसिद्ध आहे. परंतु लीळाचरित्रात ती प्रामुख्याने दिसते ती प्रश्नकर्ती म्हणून. तिचे सतत काही ना काही पुसणे हा दोष न मानता श्रीचक्रधरांनी तिच्या जिज्ञासेचा गौरवच केला. दुसऱ्या प्रकारात म्हाइंभटांची गणना करावी लागेल. ते प्रथम आले ते वादाच्या ईर्षेने. मात्र त्यांना दूर लोटण्यात आले नाही. याच म्हाइंभटांनी पुढे रिद्धपूर येथे, इ. स. १२७८ च्या सुमारास, अनेकांच्या आठवणी शोधून लीळाचरित्र सिद्ध केले. उद्धट प्रश्नकर्त्यास प्रारंभीच बाहेर घालविले असते, तर मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ कदाचित निर्माण झाला नसता.

तथापि सहिष्णुता म्हणजे मर्यादेचा अभाव नव्हे. श्रीचक्रधरांच्या पश्चात आचार्य झालेल्या नागदेवांना पंडित शिष्यांनी संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा ती भाषा आपणांस कळत नाही, श्रीचक्रधरांनी मराठीत निरूपिले तेच मराठीत पुसावे, असे त्यांनी बजावले. केशिराजबासांनी निरूपण संस्कृतात उतरविण्याची इच्छा दर्शविताच, त्यायोगे आपल्या म्हाताऱ्या नागविल्या जातील, असे सांगून नागदेवांनी त्यांना परावृत्त केले. हे दोन्ही प्रसंग ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहेत. या दोन्ही ठिकाणी निषेध व्यक्तीचा नसून इतरांस चर्चेबाहेर ठेवणाऱ्या रीतीचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

तोच तो प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होण्यावरील उपाय केशिराजबासांच्याच कार्यात आढळतो. त्यांनी श्रीचक्रधरांची वचने वेचून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला आणि ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत एकत्र आणले. त्यात प्रथम सूत्र, मग दृष्टांत व अखेरीस दार्ष्टांतिक असा क्रम आहे. उत्तर स्थिर शब्दांत उपलब्ध झाल्याने सांगणाऱ्याचे श्रम वाचत असावेत. परंतु तुटक सूत्राचा अर्थ प्रसंगावाचून भलताच होण्याची भीती असते. म्हणून कोणते वचन कोणत्या निमित्ताने उच्चारले गेले, हे सांगणारे ‘प्रकरणवश’ही निर्माण झाले. तयार उत्तरास मूळ प्रश्नाची जोड आवश्यक असते, याची ही जाणीव महत्त्वाची आहे. मतभेदांच्या बाबतीतही असाच विवेक दिसतो. लीळांचे भिन्न पाठ दडपून न टाकता नोंदविले गेले. आणि दृष्टांतपाठातील जात्यंधांची हत्तीविषयीची कथा तर प्रत्येकाचे ज्ञान एका अवयवापुरतेच असते, हे दाखविते.

पुढील इतिहास मात्र उलट दिशेने गेला. सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपींत ग्रंथ बद्ध झाले व पंथाबाहेरील जिज्ञासूस ते शतकानुशतके अगम्य राहिले. ज्या म्हाताऱ्यांसाठी नागदेवांनी संस्कृत नाकारले, त्यांच्यासारख्याच पंथाबाहेरील सामान्य वाचकास मराठी असूनही हे वाङ्मय वाचता येईना. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. याच जिल्ह्यातील नरवेल येथे १९०८ मध्ये जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. महदाइसेचे प्रश्न अशा संपादनांमुळे कोणाही मराठी वाचकास वाचता येऊ लागले.