शिक्षणासाठी घेतलेल्या पैशाची फेड : कंधार आणि मराठी मुलुख

शिक्षणासाठी घेतलेला पैसा फेडण्याच्या तीन रीती मराठी मुलुखात रुजल्या : चाकरी करून, बिनव्याजी परतफेड करून आणि बँकेचे व्याजासह हप्ते भरून.

पहिली रीत संस्थानांची. 1913 मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करावी, अशी करारात अट होती. 1917 मध्ये ते रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून शहरात राहायला जागा मिळेना, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. चाकरीतून फेड व्हायची, तर माणसाला मानाने काम करता आले पाहिजे; तेच तिथे नाकारले गेले.

दुसरी रीत परतफेडीची. मुंबईत जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी उभारला. परत आलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडे. पहिल्या दोन मानकऱ्यांत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

नांदेड जिल्ह्यातले कंधार 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे भाई केशवराव धोंडगे यांनी स्थापन केलेल्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीने ‘मोफत’ हा शब्द संस्थेच्या नावातच घेतला. गरिबाच्या मुलावर शिक्षणाचा बोजा पडूच नये, ही त्यामागची भूमिका होती. मात्र डॉक्टर, इंजिनिअर व्हायचे, तर गाव सोडावे लागे आणि पैशाची सोयही करावी लागे.

केंद्र सरकारने 1963 मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली. ती बिनव्याजी होती. कर्जदार शिक्षक झाला, तर नोकरीच्या दरवर्षी कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. चाकरीची जुनी रीत इथे समाजाच्या सेवेच्या रूपात पुन्हा आली. वसुली मात्र नीट झाली नाही.

तिसरी रीत बँकेची. महाराष्ट्रात 1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, शुल्क वाढले आणि बँकांकडे जाणे भाग पडू लागले. बँकांच्या 2001 च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण नव्हते. अभ्यासक्रमानंतर एक वर्ष किंवा नोकरीनंतर सहा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा हप्ते सुरू होत. मुदत पाच ते सात वर्षांची असे. 2009 पासून साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या सवलतीच्या काळातील व्याज सरकार भरू लागले. 2015 मध्ये परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढली. मुदत लांबली की हप्ता हलका होतो, पण एकूण व्याज वाढते.

बँकेचा मासिक हप्ता पगारदाराच्या हिशेबाने बांधलेला आहे. कंधारच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सुगीला. मुलाला नोकरी लागेपर्यंत सहकर्जदार बापाला मासिक हप्ता जड जातो, त्याचे मूळ या फरकात आहे.