लोकर, सुरकुत्या आणि हिरवी माशी

शेळी-मेंढीपालनाच्या आपल्या मालिकेत आज औषधांची यादी सांगणार नाही. आज इतिहास सांगणार आहे, तोही मेंढीच्या अंगात पडणाऱ्या किड्यांचा. विषय जरा किळसवाणा आहे, तेव्हा जेवायला बसला असाल तर आधी जेवण उरकून घ्या.

पावसाळ्यात गटाच्या बैठकीला बसलं की दरवर्षी एखादी तरी मेंढी किड्यांनी गेल्याची बातमी येतेच. जिनं कर्ज काढून पाच मेंढ्या घेतल्या, तिची एक गेली म्हणजे भांडवलाचा पाचवा हिस्सा गेला. हप्ता काही कमी होत नाही. मग कुणी म्हणतं नशीब, कुणी म्हणतं दृष्ट लागली. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यामुळे कुठलीही गोष्ट कधीपासून सुरू झाली आणि का, हे विचारायची मला खोड आहे. या किड्यांचंही मूळ शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं, की यात माशीइतकाच माणसाचाही हात आहे.

रानटी मेंढीचं बघा. तिच्या अंगावर वर राठ केस आणि आत थोडी मऊ लोकर असते. थंडी सरली की ती लोकर आपोआप गळून पडते. शेपूट आखूड असते. ओल, घाण अडकून राहायला जागाच नाही. माणसानं मेंढी माणसाळवली आणि हजारो वर्षं जिची लोकर जास्त तिचीच पिल्लं राखली. असं करता करता लोकर गळायची थांबली आणि नुसती वाढत राहिली. त्यातून आपल्याला सूत मिळालं, घोंगडी मिळाली. पण मेंढीच्या अंगावरचं ओझं आता माणसानं कातरल्याशिवाय उतरेना.

हिरवी, तांब्यासारखी चमकणारी माशी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ओलसर लोकर, मूत, पातळ लेंडी यांच्या वासावर ती येते. एका वेळी दोनशेच्या आसपास अंडी घालते. उबदार, दमट हवेत ती अंडी एका दिवसात फुटतात. अळ्या आधी भिजलेल्या कातडीवर जगतात, मग कातडी खरवडून मांसात शिरतात. त्या जखमेच्या वासानं आणखी माश्या येतात. बाहेरून बघितलं तर लोकर जशीच्या तशी, आणि आत मेंढी जिवंतपणी खाल्ली जात असते. अळ्यांचं आणि सडलेल्या मांसाचं विष अंगात भिनून ती काही दिवसांत मरते. पोट भरलेल्या अळ्या जमिनीत जाऊन कोष करतात आणि दोन-तीन आठवड्यांत नव्या माश्या तयार.

हे सगळं मेंढपाळांना फार जुन्या काळापासून माहीत होतं. इंग्लंडमध्ये १५२३ साली फिट्झहर्बर्ट नावाच्या गृहस्थाचं शेतीवरचं पुस्तक छापलं गेलं. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या शंभर वर्षं आधी. त्यात मेंढीला किडे पडले तर काय करायचं, हे सांगितलं आहे. मेंढी स्वतःला चावते, उड्या मारते, शेपूट झटकते, शेपटीजवळ ओल दिसते, ही त्यानं दिलेली लक्षणं. उपाय असा, की कातरीनं तिथली लोकर कातडीपर्यंत काढायची, कोरडी माती टाकून ओल टिपायची, माती पुसायची आणि वर डांबर लावायचं. मेंढपाळानं कातर आणि डांबराची डबी जवळ बाळगल्याशिवाय बाहेर पडू नये, असंही तो बजावतो. जखमेवर माती टाकायला आजचा डॉक्टर सांगणार नाही, पण लक्षणं आजही पाचशे वर्षांपूर्वीचीच आहेत. आपल्याकडच्या आज्या सीताफळाचा पाला वाटून लावायच्या. त्यांचं कुणी छापलं नाही एवढंच.

आता आपण ऑस्ट्रेलियात जाऊ, कारण या रोगाचा मोठा इतिहास तिथे घडला. त्या खंडात मूळच्या मेंढ्या नव्हत्याच. इंग्रजांनी वसाहत केली आणि १७९७ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून मेरिनो जातीच्या थोड्या मेंढ्या जहाजातून आणल्या. मेरिनो मूळची स्पेनची, लोकर अतिशय मऊ. त्यातल्या काही जॉन मॅकआर्थर या लष्करी अधिकाऱ्यानं घेतल्या. पुस्तकांत ऑस्ट्रेलियाच्या लोकर धंद्याचा जनक म्हणून त्याचंच नाव येतं. पण हा माणूस राजकारणात अडकून १८०९ ते १८१७ अशी आठ वर्षं इंग्लंडमध्ये होता. मागे कळप, जमीन, मजूर, हिशेब सगळं त्याची बायको एलिझाबेथ हिनं सांभाळलं. कुठला मेंढा राखायचा आणि लोकर कधी पाठवायची, हे तीच बघत होती. कागदावर नाव नवऱ्याचं आणि राबणारी ती. आपल्यातल्या किती जणींना यात नवल वाटेल, सांगा. आणि ज्या जमिनीवर ते कळप चरत होते ती तिथल्या आदिवासींची होती, हेही विसरता येत नाही.

पुढच्या शंभर वर्षांत तिथल्या मेंढ्या दहा कोटींच्या वर गेल्या. लोकर म्हणजे त्या देशाचं सोनं झालं. मग हाव सुटली. १८८० नंतर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून मेरिनोचा एक वेगळा वाण आणला गेला. या मेंढ्यांच्या अंगावर गळ्यापासून मांड्यांपर्यंत कातडीच्या घड्याच घड्या होत्या. विकणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. कातडी जास्त तर लोकर जास्त. मेंढ्यांना मोठमोठ्या किमती आल्या. मालकांनी ते मेंढे आपल्या कळपात सोडले आणि काही वर्षांतच सगळीकडे सुरकुतलेली मेंढरं दिसू लागली.

प्रत्यक्षात काय झालं? लोकरीचं वजन वाढलं खरं, पण त्यात तेलकट मळ बराच होता. घड्यांमधून कातर चालवणं अवघड, कातरणारे वैतागले. कोकरं कमी होऊ लागली. आणि शेपटीखालच्या घड्यांत मूत, लेंडी, घाम साचून कायमची ओल राहू लागली. मादीला हा त्रास जास्त, कारण तिचं मूत मागच्या लोकरीलाच लागतं. माशीला जणू आमंत्रणच दिलं. ही हिरवी माशी ऑस्ट्रेलियाची मूळची नव्हे, ती बाहेरूनच आली असं शास्त्रज्ञ मानतात. तीच जात आपल्याकडेही आहे. १८९५ नंतर तिथे सात-आठ वर्षांचा भयंकर दुष्काळ पडला आणि मेंढ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. त्याच सुमाराला आणि त्यानंतर माशीनं कळपांत थैमान घातलं. मालक माशीला शिव्या देत होते. आपणच पैसे मोजून आणलेल्या घड्यांकडे बघायला वेळ लागला. पुढे व्हरमाँटचे मेंढे आणणं बंद झालं, पण घड्या कळपात उतरल्या होत्या त्या राहिल्या.

१९३१ मध्ये सेडन, बेल्शनर आणि मुलहर्न या तिथल्या संशोधकांनी मेंढ्यांचे सरळ गट पाडले. सपाट कातडीच्या, घड्यांच्या, फार घड्यांच्या. कुणाला किडे पडतात ते मोजलं. घड्यांच्या मेंढ्यांना कितीतरी जास्त पडत होते. म्हणजे सपाट मेंढे निवडा, पिढ्यांमागून पिढ्या रोग कमी होईल, असा रस्ता तेव्हाच दिसला होता.

पण हा रस्ता लांबचा. जवळचा रस्ता दुसऱ्याच माणसाला सापडला. म्यूल्स नावाच्या मेंढपाळाची गोष्ट सांगतात, की लोकर कातरताना त्याचा हात निसटला आणि एका मेंढीच्या मागच्या बाजूची थोडी कातडी कापली गेली. त्या मेंढीला आधी वारंवार किडे पडायचे. जखम भरल्यावर तिथे सपाट, बिनलोकरीचा वण राहिला आणि किडे पडायचे थांबले. त्यावरून कोकरांच्या शेपटीखालची कातडी मुद्दाम कापून टाकायची पद्धत निघाली. तिला त्याच्याच नावावरून म्यूल्सिंग म्हणतात. किडे खरंच कमी झाले, म्हणून लाखो कोकरांवर ती झाली. पण कित्येक दशकं भूल किंवा वेदना कमी करणारं काहीही न देता. मला विचाराल तर माणसानं वाढवलेली कातडी माणसानंच कापली आणि दुखणं कोकराच्या वाट्याला आलं. त्यावर जगभर आरडाओरडा झाला, कापड विकत घेणाऱ्या कंपन्यांनी हात आखडले. न्यूझीलंडनं १ ऑक्टोबर २०१८ पासून म्यूल्सिंगवर कायद्यानं बंदी घातली. ऑस्ट्रेलियातल्या लोकर धंद्यानं २०१० पर्यंत ते थांबवू असं म्हटलं होतं, पण ते पाळलं गेलं नाही.

औषधांचाही इतिहास असाच. आधी आर्सेनिक, म्हणजे सोमल, पाण्यात कालवून जोरानं फवारायचे. मेंढीला विष आणि फवारणाऱ्यालाही विष. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. १९५० नंतरच्या दशकात डिल्ड्रिन आलं तेव्हा वाटलं, आता माशी संपली. दोन-तीन वर्षांत माशी त्याला दाद देईनाशी झाली. मग दुसरं औषध, काही वर्षांनी त्याचीही तीच गत. कापसावरच्या अळीचं आपण बघतोच की.

माशीचाच नायनाट का करत नाहीत, असं मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं होतं. एका वेगळ्या माशीच्या बाबतीत ते झालं आहे. अमेरिका खंडात स्क्रूवर्म नावाची माशी आहे, ती जिवंत जनावराच्या उघड्या जखमेत अंडी घालते. निपलिंग आणि बुशलँड या शास्त्रज्ञांनी ओळखलं, की तिची मादी आयुष्यात एकदाच नराशी जुगते. म्हणून प्रयोगशाळेत माश्या वाढवून, किरणांनी वांझ करून विमानातून सोडल्या. वांझ नराशी जुगलेल्या मादीची अंडी फुटेनात. १९५४ मध्ये कुरासाव या लहानशा बेटावर काही महिन्यांतच ती माशी नाहीशी झाली. ऑस्ट्रेलियात हिरव्या माशीसाठी असेच प्रयत्न झाले, पण खंडाएवढ्या देशात ते पार पडलं नाही.

शेवटी तिथले बरेच मेंढपाळ १९३१ सालीच दिसलेल्या रस्त्याला लागले आहेत. सपाट कातडीचे मेंढे निवडतात. काही जण तर आपोआप लोकर गाळणाऱ्या, मटणासाठीच्या जाती पाळू लागले आहेत. म्हणजे पुन्हा रानटी मेंढीच्या जवळ.

आता आपलं बघा. आपली दख्खनी मेंढी अंगानं सपाट आहे, शेपूट आखूड आणि बारीक आहे, लोकर विरळ आणि राठ आहे. मऊ लोकरीच्या बाजारात तिला कुणी विचारत नाही. पण किड्यांच्या बाबतीत हेच तिचं भाग्य. वाड्यावरच्या धनगर बायकांना विचारा, वर्षातून दोनदा कातरणी ठरलेली. माझी काळजी इथेच आहे. आता लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. म्हणून आपल्या गटातल्या काही जणी कातरणी पुढे ढकलतात आणि मेंढी भरल्या लोकरीनं पावसात उभी राहते. त्या मजुरीचा हिशेब लोकरीच्या वहीत मांडू नका, औषधपाण्याच्या खर्चात मांडा. एक मेंढी वाचली तर किती वर्षांची मजुरी निघते, ते ज्याचं त्यानं करून बघावं.

तरीही किडे पडलेच तर? कळपापासून बाजूला उभी राहणारी, पाय आपटणारी, मागे वळून चावणारी मेंढी लगेच धरा. लोकर काळी, ओली दिसते, वास येतो. जखमेच्या कडेपासून तीन-चार बोटं बाहेरपर्यंत लोकर कातडीलगत कापा. ती लोकर आणि अळ्या जमिनीवर टाकू नका, नाहीतर तिथेच कोष होतील. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. फिनेल, रॉकेल जखमेवर ओतू नका, त्यानं आधीच सोललेली कातडी भाजते. पशुसखीला किंवा डॉक्टरांना बोलवा. इंजेक्शन दिलं तर किती दिवस ती मेंढी कापायची नाही आणि तिचं दूध घ्यायचं नाही, हेही विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, कारण राहिलेली अंडी रात्रीत फुटतात. हगवण लागलेल्या मेंढीची शेपटीखालची लोकर तर किडे पडायची वाट न बघता आधीच कापा.

पुढच्या बैठकीत मृगाच्या आधीची कातरणीची तारीख ठरवायची आहे. कातरणाऱ्याला गावात एकदाच बोलवू आणि मजुरी मेंढ्यांच्या संख्येप्रमाणे वाटून घेऊ. ज्यांच्या घरी जुनी कातर आहे त्यांनी ती धार लावून आणावी.